शेवटची कधी घेतली होती?

हिंडलग्याच्या तुरुंगात झडती झाली, गांजाच्या पुड्या सापडल्या, मोबाइल सापडले, अशी बातमी आली की बेळगावात चार दिवस तोच विषय. भिंतीबाहेर गस्त वाढवा, जॅमर बसवा, मुलाखतीला येणाऱ्यांच्या पिशव्या नीट तपासा, आतले शिपाई बदला. २०२३ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या नागपूरच्या कार्यालयात आलेल्या धमकीच्या फोनचा माग याच तुरुंगापर्यंत आला होता, त्यामुळे या मागण्यांना धार आहे आणि ती समजण्यासारखी आहे. या गदारोळात कुणी कैद्यांच्या व्यसनमुक्तीचे नाव काढले की उत्तरे मात्र ठरलेली असतात. एक बाजू विचारते, तुरुंग म्हणजे काय मामाचा गाव आहे? दुसरी म्हणते, उघडा की एखादे केंद्र. आणि तिच्या डोळ्यांपुढे असते उद्घाटन, महिन्याला एक व्याख्यान, पहाटेची योगासने आणि भिंतीवर रंगवलेले सुविचार. कैद्याला ही सवलत द्यावी की देऊ नये यावर दोघांचे भांडण. पण सवलत हा मुद्दाच नाही. रोज पिणारा माणूस तुरुंगात आला की त्याची दारू तुटते, कुणी ठरवो वा न ठरवो. ती तुटत असताना त्याच्या शेजारी कोण असावे एवढेच आपल्या हातात आहे: परिचारिका, पहाऱ्यावरचा शिपाई, की बिडीच्या बंडलाला एक गोळी विकणारा जुना कैदी. माझे म्हणणे असे की परिचारिका असलीच पाहिजे, पहिल्या रात्रीपासून असली पाहिजे, आणि तिचे काम तुरुंगाच्या दारापाशी संपता कामा नये.

हिशेब मांडून पाहू. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी सातला मारामारी होते आणि रोज तीन क्वार्टर पिणारा माणूस पोलीस ताब्यात घेतात. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. म्हणजे एका क्वार्टरमागे साठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, तिन्हींचे मिळून १८० ग्रॅम. वर्षानुवर्षे रोज एवढे पचवणाऱ्या मेंदूने दारू गृहीत धरूनच आपले काम बसवलेले असते. कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात, न्यायालयीन कोठडी होते, आणि दुसऱ्या दिवशी रात्री तो तुरुंगाच्या दारात पोचतो. शेवटच्या घोटाला तोवर चोवीस तास उलटलेले असतात. हात थरथरणे, घाम, उलट्या, झोप उडणे हे सहा ते बारा तासांतच सुरू झालेले असते. फिट येण्याचा धोका साधारण बाराव्या तासापासून अठ्ठेचाळिसाव्या तासापर्यंत. म्हणजे पोलीस कोठडीतली रात्र, तुरुंगातली पहिली रात्र आणि तिच्यानंतरचा दिवस. त्यापुढचे दोन दिवस सगळ्यांत वाईट. तेव्हा येणाऱ्या भ्रमाला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. म्हणजे तुरुंगातली दुसरी आणि तिसरी रात्र. सरकारी कामकाजाच्या वेळात यातले जवळजवळ काहीच घडत नाही.

बरॅकमध्ये ते दिसते कसे? माणूस बसल्या जागी कांबळ्यावरचे किडे वेचू लागतो. किडे नसतातच. बोटे मात्र नेमकी चिमटीत धरून काहीतरी उचलतात आणि बाजूला टाकतात. अंग तापलेले, नाडी धावते, बायकोला हाका मारतो, मध्येच ट्रॅक्टर मागे घ्या म्हणून ओरडतो, कारण त्याला आपण शेतात आहोत असे वाटत असते. शेजारचे म्हणतात, नाटक करतोय. कुणी म्हणतो, बाहेरचे लागले. शिपायाला शंभर माणसांची झोप सांभाळायची असते, तो त्याला एकट्याला अंधाऱ्या खोलीत टाकतो. शिपायाचा यात दुष्टपणा नाही, त्याला कुणी काही शिकवलेले नाही. पण या रुग्णासाठी याहून घातक दुसरे काही नसते. अंधार आणि एकटेपणाने भ्रम वाढतो, पाणी पोटात जात नाही, आणि सकाळी दार उघडेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. उपचार न मिळालेला भ्रम जीव घेतो. वेळेवर मिळाला तर बहुतेक सगळे उठून बसतात. गोळ्या महागड्या नाहीत. आजार नवा नाही, उपायही नवा नाही. तरीही हे मरण घडते, आणि पुढे त्याची चर्चा होते ती मारहाण झाली की नाही या एकाच अंगाने.

यावर करायचे काय, हे कुठल्याही तालुका रुग्णालयातली अनुभवी परिचारिका सांगेल. नव्या कैद्याची नोंद होते तेव्हा अंगझडती होते, जखमा आणि ओळखखुणा लिहिल्या जातात, वजन घेतले जाते. दाखल होताना वैद्यकीय तपासणी हवी हे तर १८९४ च्या कारागृह कायद्यातच आहे. त्याच टेबलावर आणखी पाच प्रश्न हवेत. काय घेतोस, रोज किती, किती वर्षे, शेवटची कधी घेतली होती, आणि पूर्वी दारू बंद झाल्यावर कधी फिट आली होती का, भ्रम झाला होता का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण ज्याला एकदा फिट आली त्याला पुन्हा येण्याची शक्यता मोठी. उत्तर 'हो' असेल तर माणूस थेट निरीक्षण खोलीत, बरॅकमध्ये नाही. तिथे थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थपणा, भास, दिवसवाराचे भान अशा दहा लक्षणांना गुण द्यायचे. एकूण गुण ६७. आठ-दहाच्या खाली असेल तर धीर, पाणी आणि लक्ष पुरते. त्याच्या वर गेले की औषध सुरू. मोजायला पाच मिनिटे लागतात, पण ती दर चार तासांनी काढावी लागतात, मध्यरात्री दोनलासुद्धा.

औषधांतही चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली चूक ग्लुकोजची. अशक्त दिसतो म्हणून आधी ग्लुकोजची बाटली लावली जाते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व उरलेले नसते. ते जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, इंजेक्शनने आधी दिले नाही आणि ग्लुकोज दिले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. माणूस वाचतो, पण सकाळी काय जेवला ते दुपारी आठवत नाही. दुसरी चूक गोळ्या मध्येच थांबवण्याची. क्लोरडायझेपॉक्साइडची २५ मिलिग्रॅमची गोळी लक्षणांप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा सुरू करून सहा-सात दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. यकृत फार बिघडलेले असेल तर डॉक्टर लोराझेपाम निवडतात. तिसऱ्या दिवशी माणूस जरा बरा दिसला म्हणून हात आखडला की चौथ्या दिवशी फिट. तिसरी चूक उलट बाजूची: मारामारीत पकडलेला माणूस बरळतो ते सगळे दारूमुळेच असे धरून चालणे. डोक्याला मार लागून आत रक्त साकळलेले असले तरी माणूस असाच बरळतो. बुबुळे असमान, एका बाजूचे हातपाय ढिले, वाढती गुंगी असे दिसले तर गोळी नव्हे, जिल्हा रुग्णालयाची रुग्णवाहिका हवी. आणि चौथी चूक सगळ्यांच्या आधीची. कैदी खोटे बोलतो. 'कधीतरी घेतो' म्हणतो, कारण खरे सांगितले तर आणखी एक कलम लागेल अशी भीती. म्हणून विचारणारा गणवेशात नसावा, आणि हे कागद पोलिसांकडे किंवा कोर्टात जाणार नाहीत हे त्याला त्याच्या भाषेत आधी सांगितले पाहिजे.

आता विरोधकांचे ऐकू. त्यांच्यातला सगळ्यांत जड मुद्दा नेहमी हळू आवाजात मांडला जातो, आणि तो बायका मांडतात. ज्या घरात रोज रात्री मार खाल्ला, ज्या घरातले भिशीचे पैसे आणि सोसायटीचे कर्ज बाटलीत गेले, त्या घराला तो आत गेल्यावर पहिल्यांदा शांत झोप लागते. त्या बाईने सरकारला विचारावे, माझ्यासाठी काय केले, आणि त्याच्यासाठी खोली, परिचारिका, समुपदेशक? या प्रश्नाला झटकून टाकणारी व्यसनमुक्तीची भाषा मला मान्य नाही. तिला संरक्षण मिळाले पाहिजे, तिचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, आणि 'तो आजारी होता' हे वाक्य तिच्या जखमांवर पांघरूण म्हणून वापरता कामा नये. कायदाही ते वापरू देत नाही. आपणहून केलेली नशा ही गुन्ह्याची सबब नव्हे हे भारतीय दंड संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत होते, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या २३ आणि २४ मध्ये आहे. उपचार शिक्षेच्या जागी येत नाही, शिक्षेच्या काळात येतो. पण याच बाईच्या बाजूने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. तो सुटणार आहे. जामिनावर सुटेल, शिक्षा भोगून सुटेल, पण बहुतेक वेळा त्याच घरी येईल. तो आत सहा महिने कोरडा राहून, एकही गोष्ट न शिकता, डोक्यात राग साठवून आला, तर पहिल्या आठवड्यात मार कुणाला बसणार?

दुसरा मुद्दा न्यायाचा. बाहेरच्या गरिबाला हे मिळत नाही, मग गुन्हेगाराला का? हा आक्षेप आकड्यांच्या बळावर उभा आहे हे मान्य करू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाला असे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक. हे लाजिरवाणे आहे. पण बाहेरच्या माणसाला निदान दोन वाटा असतात ज्या कैद्याला नाहीत: तो आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊ शकतो, आणि थरथर असह्य झाली तर सकाळी एक पेग घेऊन फिट टाळू शकतो. दुसरी वाट वाईटच, पण ती त्याच्या हातात असते. सरकार एखाद्याच्या दोन्ही वाटा बंद करून त्याला कोंडते, तेव्हा त्याच्या जिवाची जबाबदारी सरकारच्या अंगावर येते. यात दयेचा संबंध नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात तुरुंगांपुढचे नऊ प्रश्न मांडले, त्यांत आरोग्याची हेळसांड एक आणि तुरुंगातली व्यसने-दुर्गुण हा दुसरा. खटल्याची सुरुवात बेंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या एका कैद्याच्या पत्राने झाली होती. आपल्याच राज्यातले पत्र, आपल्याच राज्यावरचा निकाल. त्याला आता तीन दशके होत आली.

क्षयाचा विचार करा. खोकणारा कैदी बरॅकमध्ये शंभर जणांना बाधा करू शकतो म्हणून दाखल होतानाच त्याची थुंकी तपासावी, औषध फुकट द्यावे, सुटल्यावर त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळवावे, यावर कुणी वाद घालत नाही. बाहेरच्या क्षयरोग्याला आधी, असे कुणी म्हणत नाही. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगच्या साथीत भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला, तेव्हा हाफकिनने आपली नवी लस आधी स्वतःला टोचून मग तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना टोचली. बाहेरच्या लोकांचा तिच्यावर विश्वास बसायला त्या तुरुंगातल्या अनुभवाचा मोठा हातभार लागला. म्हणजे आरोग्याच्या बाबतीत तुरुंगाची भिंत कधीच भिंत नव्हती. मग व्यसनाच्या वेळीच ती एवढी जाड का होते? कारण क्षय हा आजार आणि दारू हे पाप, असे आपण मनात धरून बसलो आहोत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तसे धरत नाही. त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच मोडतात. त्याच कायद्याच्या १०३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभी करायची आहे, आणि ३१ व्या कलमाप्रमाणे तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचाराचे प्रशिक्षण द्यायचे आहे.

भायखळ्याचे उदाहरण मात्र दुधारी आहे आणि ते मी मुद्दाम घेतले. कोंडलेल्या माणसाच्या 'हो'ला किती अर्थ? हा आक्षेप तुरुंगांत काम केलेले लोकच घेतात आणि त्यात तथ्य आहे. जामीन लवकर होईल, चांगली खोली मिळेल, काम हलके होईल, या आशेने कैदी व्यसनी असल्याचे सांगतील. किंवा अधिकाऱ्याला आकडा दाखवायचा म्हणून नको असलेल्यालाही बसवतील. यावरचा उपाय म्हणजे उपचाराला बक्षीस आणि शिक्षा या दोन्हींपासून तोडणे. समुपदेशनाला बसल्याने माफीचे दिवस वाढू नयेत आणि न बसल्याने कमी होऊ नयेत. लघवीच्या तपासणीत काही निघाले तर ते उपचाराच्या कागदात राहावे, शिस्तभंगाच्या वहीत जाऊ नये. कोर्टाची वाट वेगळी आहे, ती कायद्यात आहे तेवढीच वापरावी: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे ३९ वे कलम अगदी लहान प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारासाठी सोडण्याची मुभा न्यायालयाला देते. त्याच कायद्याचे ६४-अ कलम अशाच लहान गुन्ह्यांत स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देते. किती वकील आपल्या अशिलाला या कलमांबद्दल सांगतात?

गोळ्यांचा बाजार होईल, हा तिसरा आक्षेप. होतो. यात वाद नाही. तुरुंगात कुठलीही झोप आणणारी गोळी चलन बनते, बिडी तर आधीपासून चलन आहेच. पण बाजार होतो तो पट्टीच्या पट्टी हातात दिल्याने. गोळी परिचारिकेसमोर, पाण्याबरोबर, मग जीभ वर करून आणि गालाच्या आत बोट फिरवून दाखवायची. सहा-सात दिवसांच्या वर ही औषधे द्यायचीच नाहीत. पुढे तलफ आवरण्यासाठी ज्यांत नशा नाही अशी नालट्रेक्सोनसारखी औषधे, तीही यकृताची तपासणी करून. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास होणारी गोळी, तिचा उपयोग झालाच तर सुटल्यानंतर, तोही रुग्णाला पूर्ण समजावून. आपल्याकडे भाजीत लपवून ती देण्याची जी पद्धत आहे ती जीवघेणी ठरू शकते, हे तुरुंगाबाहेरच्या वाचकांनाही सांगितले पाहिजे. आणि एक गोष्ट विसरली जाते: दवाखान्याची गोळी नसली म्हणून बाजार बंद राहत नाही. ज्याची रात्र जात नाही तो ती विकत घेतो, आणि तिच्यासाठी कर्जात, दादागिरीत, घरून पैसे मागवण्यात अडकतो. भिंतीवरून पुडी फेकणाऱ्याला पैसे आतल्या माणसाच्या तलफेतूनच मिळतात.

या सगळ्यात झडत्यांना माझा विरोध नाही. त्या व्हाव्यात. पण फक्त पुरवठा अडवून काय होते ते बेळगावने एकदा पाहिले आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू होता. हातभट्टी गावोगाव पोचली, पोलिसांचे हप्ते ठरले, कोर्टात दारूचे खटले साचले. विशेष म्हणजे इतक्या कडक कायद्यालाही आरोग्यासाठी दारू पिण्याचा परवाना ठेवावा लागला. काही शरीरे दारूला बांधली गेली आहेत हे दारूबंदीवाल्यांनीही ओळखले होते. पुढे १ जुलै २००७ ला कर्नाटकाने साराईवर, म्हणजे पाकिटातल्या देशी दारूवर, बंदी आणली. पाकिटे गेली आणि त्यांची जागा नव्वद मिलीच्या स्वस्त व्हिस्कीने घेतली. चोर्ल्याच्या घाटातून येणारी गोव्याची स्वस्त दारू तर कधी थांबलीच नाही. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातले दारूचे दुकान बंद करण्याच्या मतदानासाठी, रांगा लावणाऱ्या पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या बायकांविषयी मला पूर्ण आदर आहे. त्यांनाही ठाऊक आहे की दुकान बंद झाल्यावर घरातल्या माणसाचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. तुरुंग ही अशी जागा आहे जिथे दुकान बंद आहे आणि माणूस समोर बसलेला आहे. ती संधी आपण दवडतो.

ती किती मोठी आहे ते बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगात निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी दाखवले. ५,०२४ कैदी तपासले, त्यांतल्या ७९.६ टक्क्यांना मानसिक आजार किंवा व्यसन यांपैकी काहीतरी होते. व्यसन बाजूला काढले तर हा आकडा २७.६ वर आला. म्हणजे मोठा वाटा व्यसनाचाच. तिहारमध्ये २००८ साली अफूजन्य नशेवर ब्युप्रेनॉर्फिनचा पर्यायी उपचार सुरू झाला आणि तेव्हापासून तुरुंगातल्या व्यसनमुक्तीचा विषय निघाला की सगळे तिहारकडे बोट दाखवतात. तिहारचे काम मोलाचे आहे, पण ते जसेच्या तसे इथे आणणे चूक ठरेल. सीमाभागात मुख्य प्रश्न दारूचा, मग तंबाखूचा, मग गांजाचा. पोरांत झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचा. म्हणून इथे पहिला पैसा दारूच्या निरीक्षण खोलीवर आणि रात्रपाळीच्या परिचारिकेवर जावा. गांजा सोडताना चिडचिड आणि निद्रानाश एक-दोन आठवडे राहतो, जिवाला धोका नसतो. तिथे गोळ्यांपेक्षा माणूस हवा. तंबाखूचा विषय निपाणीच्या परिसरात नाजूक आहे, कारण तिथली शेती, जर्द्याच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे पोट त्यावर आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या आहेत. तरी कैद्याला निकोटिनची २ मिलिग्रॅमची च्युइंगम देण्याने कुणाचे शेत ओस पडणार नाही, आणि बिडीच्या कर्जात अडकलेला पोरगा मात्र सुटू शकतो.

भाषेबद्दल बोलताना आपल्याकडे लगेच सीमाप्रश्न उभा राहतो. राहू दे. हिंडलग्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे, सीमालढ्यातले कितीतरी सत्याग्रही त्याच भिंतींआड राहून आले. पण इथे मागणी वेगळी आहे. समुपदेशनात औषध म्हणजे बोलणे. कैद्याने आपल्या तोंडाने, आपल्या शब्दांत सांगायचे असते की दारूने काय दिले आणि काय नेले. चिकोडीच्या माणसाला कन्नडमध्ये ऑर्डर समजते म्हणून तो बापाच्या मरणाबद्दल कन्नडमध्ये बोलू शकेल असे नाही. आणि गोकाकच्या कन्नड माणसावर मराठी समुपदेशक लादला तर तोही तितकाच गप्प बसेल. उर्दूत बोलणाऱ्याचेही तेच. कैदी कोणत्या भाषेत रडतो ते नोंदवहीत लिहा आणि त्याप्रमाणे माणूस द्या. गटात बसवायचे तर आठ ते दहा जण, आठवड्यातून दोनदा, एका तासाचे सत्र. विषयही जमिनीवरचे हवेत: पगाराच्या दिवशी काय करायचे, जत्रेत मित्राने ग्लास पुढे केला तर कोणते वाक्य बोलायचे, भांडणानंतर कुठे जायचे. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेले किती तरी लोक आहेत. वारकरी मंडळींचा आधार मला या कामात फार मोठा वाटतो, कारण ते सुटल्यावर संध्याकाळी बसायला दुसरी जागा देतात. फक्त माळ गळ्यात पडण्याआधी फिटेचे तीन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली जावेत.

यात अडचण वेळेची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातले ७५.८ टक्के कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांचा जामीन उद्या होईल की सहा महिन्यांनी, कुणालाच ठाऊक नसते. त्यामुळे तीन महिन्यांचा सुबक अभ्यासक्रम आखून उपयोग नाही. प्रत्येक भेट शेवटची असू शकते असे धरून काम करावे लागते: पहिल्याच आठवड्यात गावचा पत्ता, घरच्यांचा फोन आणि जवळचे उपचाराचे ठिकाण लिहून कागद तयार ठेवायचा, सुटकेची तारीख कळल्यावर नाही.

कारण सुटका कशी होते ते पाहा. जामिनाचा आदेश कोर्टातून निघून तुरुंगात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. दार उघडते तेव्हा सरकारी दवाखान्याची ओपीडी बंद झालेली असते आणि बार उघडे असतात. हिंडलग्याहून शहराच्या बसस्थानकापर्यंत यायला अर्धा तास पुरतो, आणि खिशात कामाचे जमलेले पैसे असतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या १२.७ पट निघाला. सर्वांत मोठे कारण नशेचा अतिरेकी डोस. शरीराची सवय आत मोडलेली असते आणि माणूस पूर्वीच्याच मापाने घेतो. ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये आतच औषधोपचार सुरू करून सुटल्यावर तो चालू ठेवला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत सुटलेल्यांमधले असे मृत्यू ६१ टक्क्यांनी कमी झाले. हे अफूजन्य नशेचे आकडे आहेत, दारूला तसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सहा महिने कोरड्या राहिलेल्या माणसाने पहिल्याच रात्री तीन क्वार्टर रिचवल्या तर त्याचेही शरीर ते पेलत नाही.

म्हणून तो कागद. हातावर मावेल एवढा, कैद्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. वर लिहायचे: तुझे शरीर आता जुने माप सोसणार नाही. खाली चालू औषधाचे नाव, मात्रा आणि सोबत सात दिवसांच्या गोळ्या. मग त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात तो वार, ओपीडीची वेळ, आणि तिथल्या परिचारिकेला आदल्या दिवशी फोन गेला आहे याची खूण. दोन क्रमांक: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. आणि दुसरा फोन त्याच्या घरी, तो निघण्याआधी: तो आज येतोय, तुम्हाला चालेल का, नसेल तर तुम्ही कुठे जाल. या फोनवर बाईने 'नको' म्हटले तर ते ऐकून घेणारे आणि त्यावर काहीतरी करणारे कुणीतरी त्या टेबलाशी बसलेले असले पाहिजे, संध्याकाळी सातलाही.